मक्याच्या शेतात उभं राहणारं गाव पारखताना: वेस्टफील्ड, इंडियानाच्या उदाहरणाने

इंडियानापोलिसहून उत्तरेला निघालं आणि १४६वा रस्ता ओलांडला की कार्मेल संपतं, वेस्टफील्ड सुरू होतं. २००० च्या जनगणनेत इथे ९,२९३ माणसं होती. २०१० मध्ये ३०,०६८ झाली, २०२० मध्ये ४६,४१०. शेजारच्या बून काउंटीतलं व्हाइट्सटाउन २०१० ते २०२० या दहा वर्षांत २,८६७ वरून १०,१७८ वर गेलं. आयोवात डे मॉइनजवळचं वॉकी १३,७९० वरून २३,९४० वर, आणि शिकागोच्या नैऋत्येचं यॉर्कव्हिल २००० पासूनच्या वीस वर्षांत ६,१८९ वरून २१,५३३ वर. मोठं घर, चांगली शाळा आणि न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियाच्या मानाने आवाक्यातली किंमत, यामुळे घर घेऊ पाहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या यादीत अशी गावं असतात.

'राहण्यासाठी उत्तम शहरं' छापाच्या याद्या इथे फारशा कामाच्या नाहीत. त्या आजचं गाव मोजतात, आणि तुम्ही ज्या गावात दहा वर्षं राहणार आहात ते अजून अर्धं बांधायचंय. म्हणून तपासायच्या गोष्टी दोन: पुढच्या दहा वर्षांत इथे काय काय येणार, आणि त्याचे पैसे कोण भरणार. दोन्हींची उत्तरं बहुतांशी सरकारी कागदांत असतात आणि ते कागद फुकट बघता येतात. तीन-चार आठवड्यांच्या संध्याकाळी आणि दोन प्रत्यक्ष भेटी एवढा वेळ द्या. तीस वर्षांच्या कर्जापुढे हा वेळ काहीच नाही.

वाढ कुठल्या प्रकारची आहे

आधी जनगणना खात्याची बांधकाम परवान्यांची आकडेवारी उघडा. ती गावागणिक आणि महिन्यागणिक मिळते. गेल्या पाच वर्षांत एका कुटुंबाची घरं किती आणि अपार्टमेंट किती, ते लिहून घ्या. मग गावाच्या प्लॅन कमिशनच्या, म्हणजे नियोजन समितीच्या, सहा महिन्यांच्या बैठकांचे अजेंडे वाचा. ऑफिसं, दुकानं, दवाखाने यांचे प्रस्ताव येताहेत की नुसती घरांचीच रांग लागली आहे?

इंडियानात हा फरक फार मोठा आहे. २०१० पासून राज्यघटनेतच मालमत्ता कराला कमाल मर्यादा आहे: स्वतः राहत असलेल्या घराला सरकारी मूल्यांकनाच्या १ टक्का, भाड्याच्या घराला आणि शेतजमिनीला २ टक्के, व्यापारी मालमत्तेला ३ टक्के. म्हणजे एक कोटी डॉलरची घरं गाव, शाळा, काउंटी सगळ्यांना मिळून जास्तीत जास्त एक लाख डॉलर कर देतात आणि तेवढ्याच किमतीची दुकानं-ऑफिसं तीन लाखांपर्यंत. शाळा, बागा, रात्री-बेरात्रीची रुग्णवाहिका हे सगळं घरांनाच जास्त लागतं. त्यामुळे फक्त घरांनी वाढणारं गाव वरून कितीही टवटवीत दिसलं तरी पैशाने ओढगस्तीत असतं. रस्ते रुंद व्हायला उशीर लागतो, अग्निशमन केंद्र 'पुढच्या टप्प्यात' जातं.

वेस्टफील्डने यावर काढलेला एक मार्ग म्हणजे ग्रँड पार्क, २०१४ मध्ये सुरू झालेलं सुमारे ४०० एकरांचं क्रीडासंकुल. इंडियानापोलिस कोल्ट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं सरावशिबिर २०१८ पासून इथे भरतं. त्याच्या आधाराने हॉटेलं आणि खाणावळी आल्या. त्याची दुसरी बाजूही धरा: स्पर्धांच्या शनिवार-रविवारी बाहेरगावच्या शेकडो गाड्या याच रस्त्यांवर असतात. संकुलाजवळचं घर बघायचं तर उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी बघा, मंगळवारी दुपारी नको.

पैशाची बाजू राज्याच्या 'इंडियाना गेटवे' या संकेतस्थळावर दिसते. गावाचं आणि शाळा-जिल्ह्याचं अंदाजपत्रक, कर्ज आणि करमर्यादेमुळे बुडालेलं उत्पन्न, तिन्ही तिथे आहेत. कर्जाचा हप्ता दरवर्षी उत्पन्नाच्या किती टक्के खातो ते पाहा. टिफ क्षेत्रांचा नकाशाही शोधा. टिफ म्हणजे ठरावीक भागातल्या नव्या बांधकामांमुळे वाढलेला कर काही वर्षं त्याच भागाच्या विकासकर्जाकडे वळवणं. तेवढी वर्षं तो पैसा शाळेकडे किंवा गावाच्या नेहमीच्या खर्चाकडे जात नाही. 'नवं ऑफिस-संकुल येतंय, आता घरांवरचा भार हलका होईल' असं विक्री-प्रतिनिधी म्हणाला, तर ते संकुल टिफमध्ये आहे का, हे विचारा.

कराचं पहिलं बिल फसवं असतं

नव्या घरात सगळ्यात जास्त कुटुंबं इथे अडकतात, म्हणून हे सावकाश समजून घ्या.

इंडियानात मालमत्ता कर एक वर्ष मागे चालतो. १ जानेवारी २०२६ ला जागेवर जे उभं होतं त्याचा कर २०२७ च्या १० मे आणि १० नोव्हेंबरला भरायचा असतो. समजा, तुम्ही जून २०२६ मध्ये नवंकोरं घर घेतलं. १ जानेवारीला तिथे बिल्डरचा मोकळा प्लॉट होता. विक्रीसाठी राखलेल्या अशा प्लॉटचं मूल्यांकन कायद्याने शेतजमिनीसारखंही होऊ शकतं. म्हणून २०२७ चं बिल अगदी किरकोळ येतं. पूर्ण घराचं पहिलं बिल २०२८ च्या वसंतात, घर घेतल्यावर जवळजवळ दोन वर्षांनी.

आता बँकेचं एस्क्रो खातं, म्हणजे कराचे पैसे कर्जाच्या हप्त्याबरोबर घेऊन बँक ज्यातून बिल भरते ते खातं. ४,५०,००० डॉलरच्या घराला १ टक्क्याने ४,५०० डॉलर कर धरा, म्हणजे महिना ३७५. बँकेने पहिल्या बिलावरून, समजा ६०० डॉलरच्या, महिना ५० डॉलरच कापले. पुढच्या वर्षी ४,५०० चं बिल भरताना खात्यात ३,९०० ची तूट पडते. मग बँक नवे ३७५ आणि तुटीचे ३२५ मिळून महिना ७०० मागते. हप्ता एकाएकी ६५० डॉलरनी चढतो आणि वर्षभर तसाच राहतो. उपाय साधा आहे. पहिल्या दिवसापासून पूर्ण घराच्या कराइतकी रक्कम एस्क्रोत घ्यायला बँकेला सांगा. ती तयार नसेल तर फरकाचे ३२५ डॉलर दरमहा वेगळ्या बचतखात्यात टाका आणि त्याला हात लावू नका.

दुसरी चूक होमस्टेडची. १ टक्क्याची मर्यादा आपोआप लागत नाही. घर स्वतः राहण्यासाठी आहे असा अर्ज काउंटी ऑडिटरकडे नोंदला जावा लागतो. क्लोजिंगच्या, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होण्याच्या, वेळी भरायच्या विक्री-माहितीच्या फॉर्मवर त्याची सोय असते, पण घाईत तो रकाना राहून जातो. दोन महिन्यांनी काउंटीच्या संकेतस्थळावर आपला पत्ता टाकून नोंद दिसते का ते पाहा. नसेल तर मर्यादा २ टक्क्यांची, म्हणजे बिल दुपटीपर्यंत जाऊ शकतं.

तिसरी गोष्ट: शाळांसाठी मतदारांनी मंजूर केलेला जादा कर या मर्यादेच्या बाहेर असतो. एक टक्का ही शेवटची रेघ धरू नका. त्या पत्त्यावर सध्या कुठला रेफरेंडम-कर चालू आहे आणि तो कधी संपतो, ते आधीच्या बिलावर दिसतं. २०२५ च्या राज्य कायद्याने होमस्टेडच्या वजावटी पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने बदलत आहेत आणि २०२६ पासून बिलावर १० टक्के, कमाल ३०० डॉलर, अशी सूट दिली आहे. म्हणून शेजाऱ्याचं तीन वर्षांपूर्वीचं बिल दाखवून कोणी अंदाज दिला तर तो जसाच्या तसा घेऊ नका.

काउंटीचा आयकरही हिशेबात धरा. २०२५ मध्ये वेस्टफील्ड ज्यात आहे त्या हॅमिल्टन काउंटीचा दर १.१ टक्के आणि इंडियानापोलिस ज्यात आहे त्या मेरियन काउंटीचा २.०२ टक्के. दीड लाख डॉलरच्या करपात्र उत्पन्नावर हा फरक वर्षाला १,३८० डॉलरचा. दर ठरतो तो तुम्ही १ जानेवारीला कुठल्या काउंटीत राहत होता यावरून. डिसेंबरअखेर आणि जानेवारीचा पहिला आठवडा यांतून निवड करायची असेल तर एवढं लक्षात असू द्या.

इलिनॉयच्या यॉर्कव्हिल, प्लेनफील्ड, ऑस्वेगो या बाजूला बघत असाल तर बिलावर 'एसएसए' ही अक्षरं शोधा. काही वसाहतींच्या रस्ते-गटारांच्या कर्जाचा हप्ता त्या नावाने, मूळ कराच्या वर, वर्षानुवर्षं घरमालकांकडून घेतला जातो. त्याच रस्त्यापलीकडच्या वसाहतीत तो नसूही शकतो.

घरामागचं शेत

'मागे काही नाही, मोकळं आहे' हे वाक्य वाढत्या गावात खरं नसतं. मागे काहीतरी येणार आहे. काय, ते शोधता येतं.

हॅमिल्टन काउंटीच्या नकाशा-संकेतस्थळावर मागच्या जमिनीच्या तुकड्यावर क्लिक करा. मालक कोण? शेतकरी कुटुंब, की एखादी एलएलसी, म्हणजे खासगी कंपनी? एलएलसी असेल आणि खरेदी गेल्या दोन-तीन वर्षांतली असेल तर प्रस्ताव फार लांब नाही असं समजा. मग त्या तुकड्याचं आजचं झोनिंग, म्हणजे तिथे काय बांधायला परवानगी आहे ते, पाहा आणि शहराच्या विकास-आराखड्यात त्याला काय रंग दिलाय तेही पाहा. दोन्ही वेगवेगळे असू शकतात, आणि भविष्य सांगतो तो आराखडा. वेस्टफील्डमध्ये बऱ्याच वसाहती 'पीयूडी' म्हणून मंजूर होतात, म्हणजे त्या प्रकल्पापुरते नियम वेगळे लिहिले जातात. तो अध्यादेश वाचायला दोन तास लागतात, पण प्लॉटची किमान रुंदी, अपार्टमेंटची परवानगी, दुकानांचा कोपरा, सगळं त्यात असतं. बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात जे तळं आणि झाडी दिसते ती पीयूडीच्या जोडनकाशात नसेल तर ती येईलच असं धरू नका.

आराखड्यासोबत रस्त्यांचा स्वतंत्र आराखडा असतो. घर ज्या काउंटी रस्त्याला लागून आहे तो आज दोन पदरी आणि शांत असेल. आराखड्यात तो मुख्य रस्ता दाखवला असेल तर त्याची भावी हद्द तुमच्या कुंपणापर्यंत येते का, ते मोजा. तीस हजार डॉलर स्वस्त असलेला कोपऱ्याचा प्लॉट बहुतेक वेळा याच कारणाने स्वस्त असतो.

शेवटी प्लॅनिंग खात्याला फोन करा आणि नेमकं विचारा: 'या पत्त्यापासून एका मैलात कुठले अर्ज प्रलंबित आहेत?' इंडियाना, आयोवा, ओहायो, सगळीकडे अशा खात्यांतली माणसं साधारणपणे मनापासून उत्तर देतात.

शेत शेतच राहणार असेल तरी एक सूचना. वसंतात खताचा वास येतो, पेरणी-कापणीच्या हंगामात रात्रीही यंत्रं चालतात, आणि इंडियानाचा कायदा आधीपासून चालत आलेल्या शेतीला शेजाऱ्यांच्या तक्रारींपासून संरक्षण देतो. मुलाला दमा असेल तर एप्रिल-मेमध्ये एक फेरी माराच.

पाणी: नळाचं आणि जमिनीखालचं

या विषयाला फार कमी घरखरेदीदार हात लावतात, आणि मिडवेस्टच्या वाढत्या गावांत पुढच्या दहा वर्षांचा खर्च इथेच दडलेला आहे.

जोलिएटचं उदाहरण घ्या. शिकागोच्या नैऋत्येला खोल भूजलावर गावं वाढली आणि उपसा भरण्यापेक्षा कितीतरी जास्त झाला. आता जोलिएट आणि भोवतालची गावं २०३० पर्यंत शिकागोमार्फत मिशिगन सरोवराचं पाणी आणताहेत. ऑस्वेगो, माँटगोमेरी आणि यॉर्कव्हिल यांनीही ड्यूपेज जल आयोगामार्फत सरोवराचाच रस्ता धरलाय. योजना योग्यच आहे, पण नळवाहिन्यांचे पैसे पाणीपट्टीतून येतात. तिथे घर घेणाऱ्याने आजचं पाण्याचं बिल न बघता गावाने जाहीर केलेलं पुढच्या वर्षांचं दरपत्रक बघावं. आयोवात जून २०२५ मध्ये नद्यांमधल्या नायट्रेटमुळे डे मॉइन परिसरात, वॉकी-अँकेनीसकट, हिरवळीला पाणी घालायला बंदी आली होती. मिनेसोटात वुडबरीच्या विहिरींमध्ये पीएफएएस रसायनं आढळली. त्या भागातल्या प्रदूषणाच्या दाव्यात थ्रीएम कंपनीने २०१८ मध्ये राज्याला ८५ कोटी डॉलर दिले.

वेस्टफील्डचा पाणी आणि सांडपाणी पुरवठा २०१४ मध्ये शहराकडून सिटिझन्स एनर्जी ग्रुपकडे गेला. म्हणजे दरवाढीचा प्रश्न नगरपरिषदेपुढे नाही, राज्याच्या नियामक आयोगापुढे येतो. व्हाइट्सटाउनच्या बाजूला जाणाऱ्यांनी लेबनॉनच्या लीप औद्योगिक क्षेत्राच्या बातम्या वाचाव्यात. हजारो एकरांच्या त्या प्रकल्पाला पाणी कुठून आणायचं यावर राज्यात मोठा वाद झाला. कुठल्याही गावात तीन प्रश्न विचारा: स्रोत कोणता, त्याची क्षमता कुठल्या वर्षापर्यंतच्या लोकसंख्येला पुरते, आणि पुढच्या पाच वर्षांतल्या दरवाढी मंजूर झाल्यात का. दरवर्षी १ जुलैपर्यंत निघणारा पाण्याच्या गुणवत्तेचा अहवालही मागा. मध्य इंडियानाचं पाणी जड असतं, तेव्हा सॉफ्टनर आणि त्याच्या मिठाच्या पिशव्या हा कायमचा खर्च धरा.

आता जमिनीखालचं. हा सगळा प्रदेश हिमनद्यांनी आणून टाकलेल्या चिकणमातीचा, मुळात पाणथळ. शेती करता यावी म्हणून पूर्वीच्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली मातीच्या नळ्या घालून पाणी ओढ्यांकडे काढून दिलं. वसाहत बांधताना या नळ्या तुटतात. त्या नीट जोडल्या किंवा वळवल्या नाहीत, तर पाणी परसात किंवा बेसमेंटमध्ये येतं, तेही दोन-तीन पावसाळी वसंतांनंतर, बिल्डर पुढच्या वसाहतीत गेल्यावर.

म्हणून हॅमिल्टन काउंटी सर्व्हेयरचा निचरा-नकाशा उघडा. प्लॉटजवळून 'रेग्युलेटेड ड्रेन' जात असेल तर कायद्याने त्याच्या दोन्ही बाजूंना ७५-७५ फूट काउंटीचा हक्क असतो. त्या पट्ट्यात शेड, पोहण्याचा तलाव, पक्का डेक परवानगीशिवाय बांधता येत नाही. काही वसाहतींसाठी काउंटीने हा पट्टा कमी केलेला असतो, ते प्लॅटवर, म्हणजे वसाहतीच्या नोंदलेल्या नकाशावर, लिहिलेलं सापडतं. निचऱ्याचा वार्षिक आकारही कराच्या बिलात येतो.

घर बघताना बेसमेंटमधल्या संप पंपाच्या, म्हणजे तळाशी जमणारं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या, खड्ड्यात एक बादली पाणी ओता. पंप लगेच सुरू झाला पाहिजे आणि पाणी घरापासून दूर पडलं पाहिजे. बॅटरीचा दुसरा पंप आहे का पाहा, कारण ज्या वादळात पाणी येतं त्याच वादळात वीज जाते. साध्या गृहविम्यात गटार किंवा संपमधून उलटं आलेलं पाणी सहसा धरत नाहीत, त्यासाठी 'वॉटर बॅकअप' हे कलम वेगळं घ्यावं लागतं. पुराचा विमा आणखी वेगळा.

रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूची, चाचणी सोडू नका. पर्यावरण संस्थेच्या नकाशात हॅमिल्टन काउंटी सर्वाधिक शक्यतेच्या पहिल्या विभागात येते. दारं-खिडक्या बंद ठेवून ४८ तासांची चाचणी करतात. ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा जास्त निघालं तर पंखा आणि नळीची यंत्रणा बसवायची. साधारण एक ते दोन हजार डॉलरचं काम आहे आणि घासाघीस करून विकणाऱ्याकडून करून घेता येतं. नव्या घरात बऱ्याचदा नळी आधीच घातलेली असते, फक्त पंखा लागतो.

शाळा

टपालाच्या पत्त्यावरून शाळा ठरवू नका. इंडियानाच्या या भागात शाळा-जिल्हे टाउनशिपच्या, म्हणजे काउंटीच्या उपविभागांच्या, सीमांनी चालतात: वेस्टफील्ड-वॉशिंग्टन म्हणजे वॉशिंग्टन टाउनशिप, कार्मेल-क्ले म्हणजे क्ले टाउनशिप. पत्त्यात एका गावाचं नाव आणि शाळा दुसऱ्या गावाची असं सर्रास घडतं. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर घरक्रमांकासकट पत्ता टाकून प्राथमिक, माध्यमिक आणि हायस्कूल तिन्ही तपासा.

तरीही आज दिसणारी प्राथमिक शाळा तीन वर्षांनी तीच असेल याची हमी वाढत्या गावात कोणीच देऊ शकत नाही. नवी शाळा उघडली की सीमा पुन्हा आखतात, आणि सगळ्यात नव्या वसाहती आधी हलवल्या जातात. शाळा-मंडळाच्या कागदांत पटसंख्येचा अंदाज शोधा. प्रत्येक शाळेची क्षमता किती, आजचा पट किती आणि पाच वर्षांनी किती, एवढा तक्ता सापडला तरी पुरे. क्षमतेच्या नव्वद टक्क्यांवर असलेल्या शाळेभोवती दोन वसाहती उभ्या राहत असतील तर सीमा बदलणार असं गृहीत धरा आणि दुसऱ्या शाळेलाही भेट द्या. वेस्टफील्डला हायस्कूल एकच आहे, त्यामुळे तिथवर मुलं शेवटी एकत्रच येतात. मात्र एवढ्या मोठ्या हायस्कूलमध्ये बास्केटबॉलच्या किंवा बँडच्या संघात जागा मिळवणं कठीण, हेही मुलांना आधी सांगितलेलं बरं.

संकेतस्थळांवरचे दहापैकी गुण बऱ्याच अंशी पालकांचं उत्पन्नच मोजतात. त्यापेक्षा मुख्याध्यापकांना विचारा की गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले आणि वर्गात सरासरी किती मुलं आहेत.

रस्ते, दवाखाना, आणि गाडी न चालवणारी माणसं

वेस्टफील्डला यूएस ३१ हा सिग्नलविरहित महामार्ग आहे, ही मोठी जमेची बाजू. पूर्व-पश्चिम जाणारा राज्यमार्ग ३२ मात्र जुन्या गावाच्या मधून जातो. तो राज्याचा रस्ता आहे, शहर आपल्या मनाने रुंद करू शकत नाही. नकाशावर दुपारी दोनला दिसणारी वेळ विसरा. मंगळवार किंवा बुधवारी, शाळा चालू असताना, सकाळी साडेसातला घरापासून ऑफिसपर्यंत गाडी चालवा आणि संध्याकाळी पाचला परत या. डाउनटाउनमधल्या इलाय लिलीसारख्या कंपनीत नोकरी असेल तर हे रोज जमण्यासारखं आहे. कमिन्सच्या कोलंबसला रोज जायचं असेल तर वेस्टफील्ड नको. एका बाजूला सवा तास मोडतो आणि बर्फात त्याचा भरवसा नाही.

बस किंवा लोकल इथे नाही. नवरा-बायको दोघांना दोन गाड्या लागतातच. आणि भारतातून सहा महिन्यांसाठी येणारे आई-वडील? त्यांच्यासाठी घराचा नेमका पत्ता गावापेक्षा महत्त्वाचा ठरतो. मोनॉन ट्रेल इंडियानापोलिसपासून कार्मेलमार्गे वेस्टफील्डमध्ये येते, मिडलँड ट्रेस तिला आडवी जाते. या वाटांपर्यंत फुटपाथने दहा मिनिटांत पोचता येईल असं घर मिळालं तर आई-बाबांची संध्याकाळ सुटते. शेतात एकट्या उभ्या असलेल्या नव्या वसाहतीत फुटपाथ वसाहतीच्या फाटकापाशी संपतो. पुढचा जोड कधी होणार ते शहराच्या आराखड्यात बघा.

दवाखान्यांची अडचण नाही: रिव्हरव्ह्यू हेल्थचं रुग्णालय वेस्टफील्डमध्येच आहे आणि आययू हेल्थ नॉर्थ कार्मेलमध्ये. सर्वांत जवळचं अग्निशमन केंद्र मात्र मोजा, विम्याचा हप्ताही त्यावर अवलंबून असतो.

एचओए आणि घर भाड्याने देण्याचा बेत

जवळजवळ प्रत्येक नव्या वसाहतीत एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असते. सही करण्याआधी तिची नियमावली, दोन वर्षांचं अंदाजपत्रक, बैठकांची इतिवृत्तं आणि राखीव निधीचा आकडा मागा. अजून बिल्डरच एचओए चालवत असेल तर आजची वर्गणी मुद्दाम कमी ठेवलेली असू शकते. ताबा रहिवाशांकडे आला की पोहण्याचा तलाव, तळी आणि प्रवेशद्वाराचा खर्च पहिल्यांदा खराखुरा दिसतो. ती तळी म्हणजे पावसाचं पाणी साठवण्याची सोय असते. गणपतीचं विसर्जन त्यात करू नका, घरी बादलीत करा.

एक बेत आपल्याकडे फार ऐकू येतो: 'बदली झाली तर घर भाड्याने देऊ.' तो आता पक्का धरता येत नाही. शेजारच्या फिशर्सने २०२५ मध्ये ठराव करून प्रत्येक वसाहतीत भाड्याच्या घरांवर १० टक्क्यांची मर्यादा घातली, ती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाली. अनेक एचओएंचे स्वतःचे निर्बंध त्याहून कडक आहेत. शिवाय भाड्याने दिलं की होमस्टेड जातं आणि कराची मर्यादा २ टक्क्यांवर चढते. भाड्याचा हिशेब करायचाच तर दुप्पट कर धरून करा.

एच-१बीवर असाल तर हे अधिकच जपून. नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तेवढ्यात घर विकायचं म्हणजे त्याच वसाहतीत नवी घरं विकणाऱ्या बिल्डरशी स्पर्धा. तो व्याजदर कमी करून देतो, तुम्ही देऊ शकत नाही. म्हणून वसाहतीचे किती प्लॉट अजून विकायचे आहेत ते मोजा. शंभरावर बाकी असतील आणि पाच वर्षं राहण्याची खात्री नसेल, तर विकत न घेणं शहाणपणाचं. विक्रीचा खर्चच किमतीच्या सहा ते आठ टक्के जातो.

आपली माणसं

जनगणनेच्या भाषांच्या नेहमीच्या तक्त्यांत मराठीला वेगळा रकाना नाही, इतर भाषांबरोबर ती एकाच ओळीत येते. त्यामुळे आकड्यांवरून मराठी घरं मोजता येत नाहीत. त्याऐवजी जवळच्या महाराष्ट्र मंडळाला विचारा की मराठी शाळा कुठल्या दिवशी, कुठे भरते आणि यंदा किती मुलं आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी, जे १९८१ पासून चालू आहे, देशभरातली मंडळं जोडलेली आहेत, तिथून संपर्क मिळतो. सेंट्रल इंडियानाचं हिंदू मंदिर इंडियानापोलिसच्या पूर्व टोकाला आहे, वेस्टफील्डहून अर्ध्या तासाहून जास्त अंतरावर. दर रविवारी जाणार असाल तर तो रस्ताही एकदा चालवून बघा.

भाड्याने राहून बघायचं असेल तर

हा पर्याय उत्तम आहे, फक्त कराराच्या तारखा नीट निवडा. ऑगस्टमध्ये सुरू होऊन जानेवारीत संपणाऱ्या करारात गावाचा चांगला चेहराच दिसतो. करार मेअखेरपर्यंत ठेवा. बर्फात वसाहतीतले रस्ते कोण आणि किती वेळात साफ करतं ते कळेल, मार्च-एप्रिलच्या सलग पावसात ज्या वसाहती मनात आहेत त्यांच्या परसांत पाणी किती दिवस साचून राहतं ते चालत जाऊन बघता येईल. १० मेला कराचा हप्ता भरला जातो, तोवर काउंटीच्या संकेतस्थळावर त्या घरांची यंदाची बिलं चढलेली असतात. आवडलेल्या घराचं आणि त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांचं बिल उघडून होमस्टेड, निचऱ्याचा आकार आणि शाळेचा रेफरेंडम-कर या तीन ओळी ताडून पाहा, आणि मगच एजंटला फोन करा.